बेपत्ता

आमच्या मिरजोळ्याला विमानाचे अप्रूप नाही. रत्नागिरीचा विमानतळ म्हणून ज्याचा बोलबाला होतो, तो खरे तर मिरजोळ्यात आहे. नाव तेवढे रत्नागिरीचे. आमच्याकडचा आंबा मुंबईस पोचला की 'रत्नागिरी हापूस' होतो, तसलाच हा प्रकार. मिरजोळेकरांनी ते मनावर घेणे केव्हाच सोडून दिले आहे. धावपट्टी तटरक्षक दलाकडे आहे. सकाळी मी कॉलेजला जायला निघतो, त्या वेळी कधी कधी त्यांचे विमान सड्यावरून उठते आणि समुद्राकडे जाते. रस्त्याच्या कडेला चरणारी म्हैससुद्धा त्यासाठी मान वर करीत नाही.

मान वर करणारे एकच माणूस आमच्या घरात आहे. आमची कन्या. पाच वर्षांची असल्यापासून विमानाचा आवाज आला की हातातला घास तसाच धरून ती अंगणात पळते आणि विमान दिसेनासे होईपर्यंत तिथेच उभी राहते. आम्हाला वाटे, वयाबरोबर जाईल. गोवर, कांजिण्या गेल्या. हे गेले नाही. २०१६ साली आपल्या हवाई दलात पहिल्या तीन मुली लढाऊ विमानांवर गेल्या, तेव्हा तिने त्यांचे वर्तमानपत्रातले छायाचित्र कापून टेबलाशी चिकटवले. २०२२ साली खडकवासल्याच्या प्रबोधिनीत मुलींची पहिली तुकडी दाखल झाली, तेव्हा तिने आम्हाला काही विचारले नाही, नुसते सांगितले. यंदा तिची बारावी झाली, लेखी परीक्षेत ती उतरली, आणि गणपती पोचवून आम्ही घरी येतो तो मुलाखतीचे बोलावणे आलेले!

त्याबरोबर पालकांनी सही करून द्यायचा एक कागद होता. मुलाखतीच्या दिवसांत ज्या धावण्या-चढण्याच्या चाचण्या घेतात, त्यांत काही दुखापत झाली तर सरकारकडे भरपाई मागणार नाही, असा त्यातला मजकूर. अगदी साधा कागद. शाळेच्या सहलीला जातानाही असल्या कागदावर आपण सही करतो. पण मी तो आठ दिवस टेबलावर ज्ञानेश्वरीखाली ठेवून दिला.

"अहो," एके दिवशी आमच्या सौभाग्यवतींनी विचारले, "पुस्तकाखाली दाबून ठेवला म्हणजे त्याचं वजन कमी होणार आहे का?"

माझ्यासारखा मास्तर घाबरला की पुस्तकात शिरतो. मीही शिरलो. कॉलेजच्या ग्रंथालयात हवाई युद्धांवरचे जे काही मिळाले ते वाचले, बाकीचे मित्रांकडून मागवले. माझा प्रश्न बापाचा होता. कोणते विमान किती वेगाने जाते, कोणाला कोणते पदक मिळाले, यात मला रस नव्हता. एका स्क्वाड्रनमध्ये साधारण सोळा-अठरा विमाने आणि ती उडवणारे वीस-पंचवीस तरुण असतात. (मी प्रथम 'पलटण' असे म्हणत होतो. कन्येने तो शब्द खोडला.) लढाई सुरू होते, सकाळी ती पोरे उड्डाण करतात, आणि त्यांच्यातला एखादा संध्याकाळी परतत नाही. त्याचे पुढे काय होते, एवढेच मला हवे होते.

पहिल्यांदा हाती लागली ती १९६५ सालची १ सप्टेंबरची संध्याकाळ. त्या दिवशी पहाटे पाकिस्तानी रणगाडे छांब भागात घुसले होते. आपल्या भूदलाला विमानांची मदत हवी होती. संरक्षणमंत्री होते यशवंतराव चव्हाण. दुपारी चारच्या सुमारास त्यांच्यापुढे हा प्रश्न आला आणि त्यांनी काही मिनिटांतच होकार दिला. पठाणकोटहून पंचेचाळीसाव्या स्क्वाड्रनची व्हॅम्पायर विमाने निघाली.

आता हे व्हॅम्पायर म्हणजे काय, तर १९४३ साली प्रथम उडालेले विमान. त्याच्या पुढच्या धडाचा सांगाडा चक्क लाकडी फळ्या चिकटवून केलेला असे. बावीस वर्षांच्या त्या म्हाताऱ्या विमानांत बसून ही मुले रणगाड्यांवर गेली, आणि वरून सेबर जातीची दोन विमाने त्यांच्यावर आली. काही मिनिटांचा खेळ. त्या संध्याकाळी चार व्हॅम्पायर पडली. भागवागर, जोशी आणि भारद्वाज हे तिघे गेले; चौथा छत्रीने उतरून वाचला. त्यानंतर ती जुनी विमाने आघाडीवरून मागे घेण्यात आली. म्हणजे, जी गोष्ट एक सप्टेंबरच्या सकाळी कोणाही जाणत्याला कळण्यासारखी होती, ती कळायला तीन पोरांचे प्राण लागले. यशवंतरावांच्या त्या झटपट निर्णयाची तारीफ मी लहानपणापासून ऐकत आलो, आणि निर्णय योग्यच होता असे आजही म्हणेन. परंतु त्या होकाराची किंमत तासाभरात कोणी मोजली, हे मला आजवर ठाऊक नव्हते.

त्या दोन सेबरपैकी एकात सरफराज रफीकी नावाचा पाकिस्तानी स्क्वाड्रन लीडर होता. पाचच दिवसांनी, ६ सप्टेंबरला, आपल्या हलवाऱ्याच्या तळावर चालून आला असताना तोही पडला. त्याच्या घरीही कोणी वाट पाहत असेलच. पाकिस्तानने पंजाबातल्या शोरकोट येथील हवाई तळाला त्याचे नाव दिले. हे नाव वाचकांनी लक्षात ठेवावे; पुढे लागणार आहे.

कन्येला मी हे सांगितले तेव्हा ती म्हणाली, "मला माहीत आहे, बाबा." मी थोडा खट्टू झालो. ज्या गोष्टीने मुलीला भिववावे असा आपला बेत असतो, ती तिला आधीच पाठ असावी, यासारखी बापाची फजिती नाही.

दुसरी गोष्ट मात्र आम्ही तिघांनी रात्री जेवणानंतर एकत्र वाचली, आणि घरात हसू आले. ही १९७१ च्या युद्धातली. फ्लाइट लेफ्टनंट दिलीप परुळकर हे सव्विसाव्या स्क्वाड्रनमध्ये सुखोई-७ उडवीत. १० डिसेंबरला त्यांचे विमान पडले आणि ते पाकिस्तानच्या हाती लागले. युद्धाच्या आधीच त्यांनी आपल्या वरिष्ठांना म्हणे सांगून ठेवले होते, की मी पकडला गेलो तर तिथे राहणार नाही, पळून येईन. असे पुष्कळ जण बोलतात. परुळकरांनी ते करून दाखवले.

रावळपिंडीच्या छावणीत आपले बारा-पंधरा वैमानिक एकत्र होते. युद्ध संपून महिने लोटले, सिमल्याला करार झाला, तरी सुटकेचे नाव नाही. तेव्हा परुळकर, मलविंदरसिंग ग्रेवाल आणि हरीश सिंहजी या तिघांनी कोठडीच्या भिंतीला हळूहळू भोक पाडले. किती धीराचे काम असेल पाहा! चुना-विटा काढायच्या, आवाज होऊ द्यायचा नाही, आणि दिवसा पहारेकऱ्याला काही दिसू द्यायचे नाही. १९७२ सालच्या १२ ऑगस्टच्या रात्री वादळ उठले. त्या वादळाच्या आडोशाने तिघे बाहेर पडले. पूर्वेला भारताची सरहद्द, म्हणून शोध घेणारे तिकडेच पाहणार; हे पश्चिमेला अफगाणिस्तानाकडे निघाले. बसने पेशावर, तिथून टांग्याने जमरूद, मग पुढे लंडी कोटल. सकाळचा पहिला प्रहर संपतो न संपतो तोच हे सरहद्दीपासून चार मैलांवर!

आणि तिथे घात झाला तो एका रेल्वे स्टेशनामुळे. त्यांच्याजवळच्या माहितीत लंडी खाना हे सरहद्दीलगतचे शेवटचे स्टेशन होते. लंडी कोटलच्या बाजारात त्यांनी विचारले, लंडी खान्याला कसे जायचे? आता तिथली गाडी १९३२ सालीच बंद पडलेली. चाळीस वर्षांत त्या स्टेशनाची चौकशी कोणी केली नव्हती! एका चौकस माणसाला संशय आला. तिघांनी आपण पाकिस्तानी हवाई दलातले असल्याची बतावणी केली, परुळकरांनी 'फिलिप पीटर' असे नाव सांगितले, पण गाडे अडले ते अडलेच. पुन्हा कैद.

"म्हणजे टाइमटेबल जुनं निघालं!" आमच्या सौभाग्यवती म्हणाल्या. कोकण रेल्वेच्या पावसाळी वेळापत्रकाचा अनुभव असल्याने त्यांना ही गोष्ट मनापासून पटली.

या पलायनावर फेथ जॉन्स्टन नावाच्या कॅनडातल्या लेखिकेने पुस्तक लिहिले आहे, पुढे त्यावर हिंदी चित्रपटही निघाला. हे सगळे हसत वाचता येते याचे कारण एकच. १ डिसेंबर १९७२ रोजी कैद्यांची अदलाबदल झाली आणि हे तिघे इतरांबरोबर वाघा येथून चालत घरी आले. परुळकर ग्रुप कॅप्टन होऊन निवृत्त झाले, आणि २०२५ च्या ऑगस्टमध्ये वारले. चांगले म्हातारे होऊन. मी कन्येकडे पाहिले. तिचे डोळे चमकत होते. आता सही करून टाकावी, असे त्या रात्री मला वाटले होते. ज्ञानेश्वरी उचललीही होती.

पण वाघ्याला त्या दिवशी किती जण आले याची यादी चाळताना, कोण आले नाही याची यादी माझ्या हाती लागली.

फ्लाइट लेफ्टनंट विजय वसंत तांबे. बत्तिसावी स्क्वाड्रन, विमान तेच, सुखोई-७. या स्क्वाड्रनचे प्रमुख होते विंग कमांडर हरचरणसिंग मंगत. त्याच युद्धात मंगतांच्या विमानाला क्षेपणास्त्र लागले, शेपटीकडचा भाग फाटून गेला, तरी त्यांनी ते विमान तसेच परत आणून उतरवले. त्यांना महावीर चक्र मिळाले. एकाच स्क्वाड्रनमधली ही माणसे. एकाचे विमान फाटके-तुटके का होईना, परत आले. ५ डिसेंबर १९७१ रोजी तांबे शोरकोटच्या तळावर हल्ल्याला गेले, आणि त्यांचे आले नाही. शोरकोट म्हणजे तेच, रफीकीच्या नावाचे. १९६५ साली व्हॅम्पायर पाडणाऱ्याच्या नावाच्या त्या भूमीवर सहा वर्षांनी हा मराठी तरुण उतरला की पडला, हे कोणी सांगू शकत नाही.

त्यांच्या लग्नाला पुरती दोन वर्षेही झाली नव्हती. पत्नी दमयंती तांबे या बॅडमिंटनच्या राष्ट्रीय विजेत्या. १९७० चा अर्जुन पुरस्कार मिळालेल्या. त्याच दिवसांत पाकिस्तानातल्या एका इंग्रजी वर्तमानपत्रात बातमी आली, की पाच हिंदी वैमानिक जिवंत पकडले आहेत. त्यांत एक नाव होते, 'फ्लाइट लेफ्टनंट टॉम्बे'. टॉम्बे! असे आडनाव हिंदुस्थानात कोणाचे असते? तांबे नव्हे तर दुसरे कोण? घरच्यांनी तो कागद धरून ठेवला. कैदी आहे, म्हणजे जिवंत आहे. जिवंत आहे, म्हणजे येईल.

डिसेंबर १९७२ मध्ये कैदी आले. त्यांत तांबे नव्हते. पाकिस्तानचे म्हणणे, आमच्याकडे आता कोणी उरलेले नाही.

इथून पुढची हकीकत मला एका बैठकीत वाचवली नाही. १९७९ साली लोकसभेत सरकारने बेपत्ता जवान-अधिकाऱ्यांची यादी सांगितली, ती चाळीस नावांची होती. पुढे ती चौपन्नांची झाली. त्यातले बरेच हवाई दलाचे. एका मेजरच्या वडिलांना तर युद्धानंतर तीन वर्षांनी मुलाच्या हातची चिठ्ठी कराचीहून आली होती. लायलपूरच्या तुरुंगात आपल्याबरोबर तांबे नावाचा माणूस होता, असे बांगलादेशातल्या एका नौदल अधिकाऱ्याने सांगितल्याचेही प्रसिद्ध झाले. १९८३ मध्ये काही नातेवाइकांना मुलतानचा तुरुंग दाखवण्यात आला. २००७ मध्ये पुन्हा चौदा नातेवाईक पाकिस्तानातल्या तुरुंगांतून फिरले. त्यांत दमयंतीबाई होत्या. कोणी सापडले नाही. दमयंतीबाईंनी खेळ सोडला होता. दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठात क्रीडाविभागात त्यांनी आयुष्याची नोकरी केली, आणि नोकरी सांभाळून मंत्र्यांच्या, सचिवांच्या दारांत त्या अर्ज घेऊन उभ्या राहिल्या. सरकारे बदलली. अर्ज तोच राहिला.

मी पुस्तक मिटले तेव्हा सौभाग्यवती शेंगा सोलत बसल्या होत्या. त्यांनी मान वर न करता विचारले, "ती तुरुंग बघायला गेली ते साल कोणतं म्हणालात?"

"दोन हजार सात."

बोटांवर हिशेब झाला. "छत्तीस वर्षं," त्या म्हणाल्या, आणि शेंगांची परात उचलून आत गेल्या.

मी शब्दांचा माणूस. शब्दावर अडतो. सैन्याच्या दफ्तरात न परतलेल्या माणसासाठी तीन शब्द आहेत: मृत, युद्धकैदी आणि बेपत्ता. पहिल्या शब्दाने घर कोसळते. पण कोसळलेले घर शेजारीपाजारी येऊन उचलतात, दिवस होतात, तेरावे होते. दुसरा शब्द घराला बांधून ठेवतो, पण त्या दोरीचे दुसरे टोक कोठेतरी असते. तिसरा शब्द फारशी 'बे' आणि आपला 'पत्ता' यांचा जोडून झालेला. ज्याला पत्ता नाही तो. मजा अशी, की त्या माणसाचा पत्ता कोणाला ठाऊक नसतो, पण त्याच्या घराचा पत्ता मात्र बदलता येत नाही. घर विकता येत नाही, गाव सोडता येत नाही. तो आला आणि दाराला कुलूप दिसले तर?

धर्मशास्त्राने यावर तोड काढली आहे. बारा वर्षे वाट पाहावी, मग पळसाच्या पानांची आकृती करून तिला अग्नी द्यावा. कायदा जरा घाईत असतो, तो सात वर्षे म्हणतो. माझ्या लहानपणी आमच्या वाडीत एक काकी होत्या. त्यांचे यजमान बोटीवर कामाला होते, ते परतले नाहीत. कोकणात दर्याने नेलेली अशी माणसे कमी नाहीत. बारा वर्षे भरली तेव्हा दिरांनी भटजींना बोलावले, पळसाची पाने आली. काकी शांतपणे म्हणाल्या, "तुमचा विधी तुम्ही करा. मी माजघरात बसते. त्यांचं ताट वाढायचं मात्र मी बंद करणार नाही." मी आठ वर्षांचा होतो. मोठी माणसे गप्प का झाली, ते मला त्या वेळी कळले नव्हते.

आणि मग मला आमच्या रत्नागिरीच्या किल्ल्याची आठवण झाली. आमच्या घरून आठ-दहा किलोमीटरांवर तो आहे. आता लोक भगवतीच्या दर्शनाला आणि सूर्यास्त पाहायला जातात. १७६१ साली पानिपतावर सदाशिवरावभाऊ पडले. भाऊंचे प्रेत मिळाले, अग्नी दिला, असे सांगणारे होते. पण ते धड भाऊंचेच कशावरून, हा संशय राहिला. पार्वतीबाईंनी ते मानले नाही. त्यांनी सौभाग्यलेणे उतरवले नाही. काही वर्षांनी एक माणूस उगवला, 'मीच भाऊ' म्हणून. सुखनिधान नावाचा तो कनोजा ब्राह्मण होता. पेशव्यांनी त्याला कैदेत घातला आणि शेवटी ठेवला तो आमच्या रत्नागिरीला. १७७६ साली इथल्याच रामचंद्र नाईक परांजप्यांनी त्याला बाहेर काढून 'हेच भाऊसाहेब' अशी द्वाही फिरवली. बघता बघता कोकणातले किल्ले त्याच्या हाती आले, हजारोंची फौज जमली. त्याच वर्षी तो पकडला गेला आणि पुण्यात त्याला देहान्त शासन झाले.

न. चिं. केळकरांनी यावर 'तोतयाचे बंड' हे नाटक लिहिले. वर्गात त्याचा विषय निघाला की मी कोकणच्या भोळेपणावर एखादी कोटी करीत असे, मुले हसत. आता ती कोटी मी काढून टाकली आहे. जे हजारो लोक त्या तोतयाच्या मागे गेले, ते सगळे काही मूर्ख नसतील, नि सगळे लुटीसाठीही आले नसतील. पानिपतावर गेलेली किती घरची माणसे पंधरा वर्षांत परतली नव्हती. भाऊसाहेब परत येऊ शकतात, तर आपलाही येईल, असे त्यांतल्या कितीकांना वाटले असेल! त्यांनी भाऊसाहेबांना ओळखले नसेल. आपल्या माणसाची वाट पाहण्याला त्यांना एक आधार हवा होता. इतिहासात याला पुरावा नाही. पण काकींचे ते वाढलेले ताट मी पाहिले आहे.

हे सगळे मी कन्येला सांगितले नव्हते. सांगायचे धैर्य नव्हते म्हणा. पण एका रविवारी तीच माझ्या टेबलाशी येऊन बसली. "बाबा, तुम्ही वेलिणकरांचं वाचलंत का?" तिने विचारले.

मी वाचले नव्हते. तिने सांगितले. पहिल्या महायुद्धात ब्रिटिशांच्या विमानदलात चार हिंदी तरुण लढाऊ वैमानिक म्हणून गाजले. शिकायला विलायतेला गेलेले, आणि 'काळ्या माणसाला विमान कसले देता' या वृत्तीला तोंड देऊन आत शिरलेले. हरदितसिंग मलिक जखमी झाले, पण जगले, पुढे स्वतंत्र भारताचे राजदूत झाले आणि नव्वदी गाठली. इंद्रलाल रॉयने तेरा दिवसांत दहा विमाने पाडली आणि २२ जुलै १९१८ रोजी स्वतः पडला, वय एकोणीस. एरॉल सेन जर्मनांच्या कैदेत पडला आणि युद्धानंतर सुटला. चौथा मुंबईचा, आपला, श्रीकृष्ण वेलिणकर. केंब्रिजला शिकलेला. तेविसाव्या स्क्वाड्रनमध्ये तो डॉल्फिन जातीचे विमान उडवी. २७ जून १९१८ रोजी टेहळणीला गेला आणि परत आला नाही. बेपत्ता.

"त्याचं काय झालं?" मी विचारले. माझा आवाज मलाच वेगळा वाटला.

"सापडला, बाबा. म्हणजे, त्याची कबर सापडली. जखमी होऊन तो जर्मनांच्या हाती लागला होता, तीन दिवसांनी गेला. त्यांनी त्याला पुरलं, पण नाव लिहिताना 'वुमकर' असं काहीतरी लिहिलं. म्हणून घरच्यांना पत्ताच लागेना. युद्ध संपल्यावर कागदाला कागद जुळवत शोधलं तेव्हा कळलं, की हा वुमकर म्हणजे वेलिणकर. आता फ्रान्समध्ये हँगार्ड म्हणून गाव आहे, तिथे त्याच्या नावाचा दगड आहे."

वेलिणकरचा वुमकर. तांब्यांचा टॉम्बे. एका नावाचे कोडे सुटले आणि घरच्यांना कुठे फूल वाहायचे ते कळले. दुसऱ्याचे सुटले नाही. एवढाच काय तो फरक. आणि त्या फरकात एक सबंध आयुष्य मावते.

"तू मला हे का सांगितलंस?" मी विचारले.

ती थोडा वेळ गप्प राहिली. बाहेर धावपट्टीकडून इंजिनाचा आवाज आला. एरवी ती उठून पळाली असती. या वेळी बसून राहिली. "आई रात्री झोपत नाही," ती म्हणाली. "तुम्ही पुस्तकं वाचता, ती छताकडे बघते. तुम्हाला वाटतं मला हे काही ठाऊक नाही. मला सगळ्यांची नावं ठाऊक आहेत, बाबा. मला ते ठाऊक नसतं आणि तरी मी जायचं म्हटलं असतं, तर तुम्ही सही करू नका असं मीच म्हटलं असतं."

मी काही बोललो नाही. विमान गेले. तिने खिडकीतूनही पाहिले नाही.

त्या रात्री जेवणे झाल्यावर सौभाग्यवतींनी स्वतःच ज्ञानेश्वरी उचलून कागद माझ्यापुढे ठेवला, आणि शेजारी चष्मा आणि पेन. नंतर त्या समोर बसून राहिल्या. कागदावर वर उमेदवाराचे नाव इंग्रजी मोठ्या अक्षरांत लिहायचे होते, खाली माझे. आता आमचे आडनाव इंग्रजीत दोन तऱ्हांनी लिहिले जाते. माझ्या जुन्या गुणपत्रिकेत एक, रेशनकार्डावर दुसरे. एक अक्षर इकडचे तिकडे. आजवर याचे कोणाला काही वाटले नव्हते. मी कपाटातून तिचा जन्माचा दाखला काढला, दहावीचे प्रमाणपत्र काढले, आधारकार्ड काढले, आणि तिन्ही शेजारी शेजारी ठेवून एकेक अक्षर पडताळून पाहू लागलो.

"बाबा, एवढं कोरून काय लिहिताय? बस चुकेल माझी," कन्या दारातून म्हणाली. तिची बस दोन दिवसांनी होती.

"थांब," मी म्हटले. "एक अक्षर राहिलंय."